हिरवे बटन, लाल बटन

आमच्या पिढीच्या माणसांचा किल्लीवर फार जीव. कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कर्त्या पुरुषाच्या जानव्याला ट्रंकेची किल्ली, ही तेव्हाच्या घरच्या राज्यघटनेतील दोन मुख्य कलमे होती. सून घरात येऊन दहा-दहा वर्षे लोटत, तिची मुले शाळेत जाऊ लागत, पण फडताळाची किल्ली सासूबाईंच्या कमरेवरून तसूभरही हलत नसे. ज्या दिवशी ती हले त्या दिवशी घरात सत्तांतर झाले, असे शेजारीपाजारी समजत. आमचे आजोबा आंघोळीला बसले की जानव्याच्या किल्लीचा तांब्यावर टण् असा आवाज होई, आणि त्यावरून त्यांची आंघोळ कुठवर आली हे माजघरात कळे. तात्पर्य, किल्ली म्हणजे अधिकार, अशा समजुतीत आम्ही वाढलो.

म्हणूनच आमच्या कन्येने आणि जावईबापूंनी नवी मोटार घेतली आणि तिला किल्ली घालण्याचे भोकच नाही असे मला सांगितले, तेव्हा मी जरा हबकलोच. चाकापाशी एक वाटोळे बटन होते. पाय ब्रेकवर ठेवायचा, बटन दाबायचे, की गाडी सुरू!

"म्हणजे कुणीही यावं, बटन दाबावं आणि गाडी घेऊन जावं?" मी विचारले.

"तसं नाही बाबा," जावईबापू म्हणाले, "किल्ली माझ्या खिशात आहे ना! ती नुसती खिशात असली तरी गाडीला कळतं."

खिशातली किल्ली गाडीला कळते! आमच्या घरात माझ्या खिशात काय आहे हे आजवर फक्त एकाच व्यक्तीला न सांगता कळत आले आहे. आता ही दुसरी आली.

जावईबापू इंजिनियर आहेत. त्यांनी मला हा प्रकार समजावून सांगितला आणि मला तो बराचसा समजलाही. पण तो तुम्हांला सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे. कारण एंजिन सुरू करणे हे आमच्या सातारा-सांगलीकडचे जुने शास्त्र आहे. सांगली जिल्हा हा १९४९ पासून १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' याच नावाने ओळखला जाई, तेव्हा मी दोघांना एकत्र धरले तर कुणी रागावू नये. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ साली सुरू झाला आणि १९३०च्या दशकात तिथे डिझेल एंजिने बनू लागली. हे धनजीशा १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. एंजिन बनवणारा माणूस सरकार चालवू शकतो, हे साताऱ्याने तेव्हाच दाखवून दिले. तिकडे कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली होती. तिथे नांगर झाले, पंप झाले. पुढे १९४६ साली पुण्याला खडकीत किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. कृष्णाकाठचा ऊस आणि हळद या दोन्ही पिकांनी वर्षानुवर्षे तेलाच्या एंजिनांनी उपसलेले पाणी प्यालेले आहे. संध्याकाळी नदीच्या अंगाने फिरायला गेले की मळ्यामळ्यांतून फक्-फक्-फक् असा आवाज येई. लहानपणी आम्हांला तो खेड्याच्या छातीचा ठोकाच वाटे.

ते एंजिन सुरू कसे करायचे? त्याला किल्ली नव्हती की बटन नव्हते. एक वाकडे लोखंडी हँडल. एंजिनाच्या डोक्यावरची खिट्टी उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे आतली हवा दाबली न जाता मोकळी सुटते. मग हँडल गरगर फिरवायचे. बाजूच्या जड चाकाला पुरेसा वेग आला की खिट्टी सोडायची. हवा दाबली जाते, तापते, तेल पेट घेते, आणि एंजिन एकदा खोकून चालू लागते. आणि वेग पुरा आला नसताना खिट्टी सुटली, तर एंजिन उलटा झटका देते. हँडल हातातून उलटे येते ते सोट्यासारखे.

हा झटका आमच्या अक्काने खाल्लेला आहे.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, म्हणजे मला आईच्याच जागी. तिला कृष्णाकाठच्या एका गावी दिली होती. १९६६ साली तिचे यजमान गेले. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पदरात दोन मुले, आठ एकर ऊस आणि विहिरीवर जुन्या बाजारात घेतलेले एक परदेशी एंजिन. एंजिन सुरू करण्याचे काम गड्याचे. त्या उन्हाळ्यात गडी भावाच्या लग्नाला म्हणून गेला, तो चार दिवस आलाच नाही. ऊस पिवळा पडू लागला. अक्का भावकीत दोन घरी विचारायला गेली. दोन्ही घरी "बघू, येतो" असे म्हणाले. हा 'बघू, येतो' किती दिवसांचा असतो, हे एकट्या बाईला कुणी सांगावे लागत नाही.

पाचव्या दिवशी अक्काने नऊवारीचा कासोटा घट्ट केला आणि स्वतःच हँडलला हात घातला. दोनदा फिरले. तिसऱ्यांदा झटका आला आणि उजवे मनगट मोडले. मोटारीला हँडल मारताना मनगटाचे एक ठरावीक हाड इतक्या जणांचे मोडे, की इंग्रजी वैद्यकात त्या प्रकाराला 'शोफरचे फ्रॅक्चर' असेच नाव पडले. आमच्या अक्काला शोफर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते; तिचे हाड गावच्या हाडवैद्याने बसवले, ते वाकडेच बसले. आजही ती पोळी लाटते तेव्हा लाटणे थोडे तिरके चालते.

दीड महिन्याने हात मोकळा झाला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात कामाला असलेले एक मिस्त्री नात्यातले होते, त्यांना तिने बोलावून घेतले. ते म्हणाले, "ताई, जोर पुरुषाचा लागतो हे खोटं. अंगठा चुकीच्या बाजूला होता तुमचा. मूठ वळायची नाही; अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मग झटका आला तर हँडल आपोआप सुटतं, हात घेऊन जात नाही." त्या दिवसापासून पुढे विजेची मोटर येईपर्यंत अक्काच्या मळ्यातले एंजिन अक्काच सुरू करी. 'बघू, येतो' म्हणणाऱ्यांच्या घरी ती पुन्हा गेली नाही.

मोटारीचेही असेच होते. आमचे वडील सांगत, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी पेटवायची, क्लीनरने पंखा फिरवायचा, मग पुढे येऊन हँडल मारायचे. गाडी सुरू होईपर्यंत उतारूंचा दुसरा चहा होई. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली आणि हळूहळू ती भट्टी इतिहासजमा झाली.

हँडलमधून मोटारीची सुटका केली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियराने. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो. तेव्हा लहान मोटरीवर क्षणभर जादा भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्याला त्या कामात उमगले. हीच युक्ती त्याने मोटारीला लावली. बॅटरीवर चालणारी एक लहान मोटर, तिचे चिमुकले दाते एंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकतात, ते चाक फिरवतात आणि एंजिन पेटले की मागे सरतात. १९१२च्या कॅडिलॅक गाडीला हा 'सेल्फ' लागला. आपण आजही 'सेल्फ मारला' म्हणतो ना, तो हाच. शंभराहून अधिक वर्षे झाली, किल्ली आली, बटन आले, पण पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक गाड्यांत पोटात काम करतो तो अजून केटरिंगचाच गडी. मनगटात तेवढे बळ नसलेल्या स्त्रियांना आणि म्हाताऱ्यांना त्याने मोटारीचे दार उघडून दिले.

आणि गंमत पाहा, बटन हे काही नवे नाही. किल्ली फिरवून सेल्फ मारण्याची पद्धत अमेरिकेत क्रायस्लरच्या गाड्यांत १९४९ साली आली. त्याआधी बहुतेक गाड्यांना सेल्फचे वेगळे बटन किंवा ओढायची खुंटी असे. जुन्या जीपला तर ते बटन पायाशी होते. ड्रायव्हर पायाने दाबी, आणि जीप लाथ खाऊन उठलेल्या बैलासारखी उभी राही. लाथेवरून आठवले, आमच्या साताऱ्यात १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर होई. आता होत नाही. पण एके काळी साताऱ्यातल्या प्रत्येक गल्लीत सकाळी दहाच्या सुमारास कुणीतरी गृहस्थ प्रिया तिरकी करून, पुन्हा सरळ करून, घामाघूम होऊन किका मारत असे, आणि त्याची पत्नी डबा हातात घेऊन शांतपणे वाट पाहत असे. संसारातला संयम म्हणजे काय, हे त्या दृश्यात दिसे.

असो. आता जावईबापूंच्या खिशातली किल्ली.

तिला ते रिमोट म्हणतात. आपला अजिंक्यतारा डोळ्यांसमोर आणा. रात्री किल्ल्याचा दरवाजा बंद आहे. कुणी आले की पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. शब्द रोज एकच असेल तर झुडपात लपलेला शत्रू तो आज ऐकेल आणि उद्या सांगून आत शिरेल. म्हणून समजा, किल्लेदाराने एक गुप्त हिशेब ठरवला. पहारेकरी दर वेळी नवा आकडा ओरडतो. आलेल्या माणसाने मनातल्या मनात त्या आकड्यावर तो हिशेब करून उत्तर द्यायचे. शत्रूने प्रश्न ऐकला, उत्तरही ऐकले, तरी उद्याचा आकडा वेगळा. आणि हिशेब त्याला ठाऊक नाही.

गाडी आणि रिमोट यांच्यात हेच चालते. तुम्ही दाराच्या मुठीवरचे बटन दाबले की मुठीतली लहानशी एरियल मंद रेडिओलहरींनी एक आकडा ओरडते. ह्या लहरी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या, आणि त्यांचा आवाका फार तर हात-दोन हात. खिशात झोपलेला रिमोट तो आकडा ऐकून जागा होतो, हिशेब करतो आणि दुसऱ्या, पुष्कळ वरच्या पट्टीतल्या लहरींनी उत्तर देतो. पुष्कळ गाड्यांत ही पट्टी ४३३ मेगाहर्ट्झची असते. उत्तर जुळले की दार उघडते. आत बसून बटन दाबले की हीच प्रश्नोत्तरे पुन्हा होतात. या वेळी प्रश्न गाडीच्या आतल्या एरियलमधून येतो. त्यावरून रिमोट आत आहे की बाहेर, हे गाडी ओळखते. मग चाकाचे कुलूप असेल तर ते सुटते, एंजिनाच्या मेंदूला परवानगी मिळते, आणि सेल्फला वीज जाते. पाय ब्रेकवर किंवा क्लचवर आहे की नाही, हेही ती आधी पाहते. सेल्फला लागणारी शंभरावर अँपिअरची वीज त्या नाजूक बटनातून जात नाही. बटन फक्त अर्ज करते. मंजुरी आत मिळते. एंजिन पेटले की सेल्फ आपोआप बाजूला होतो. तुम्ही बटन दाबल्यापासून हे सारे व्हायला एक-दोन क्षण पुरतात. सरकारी कचेरीने यावरून काही बोध घ्यावा.

रिमोटमध्ये रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. ती संपली तर? तर रिमोटच्या पोटातच एक छोटी लोखंडी किल्ली दडवलेली असते. तिने दार उघडायचे. आत बसून रिमोट त्या बटनाला, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला, टेकवून धरायचा. तिथले वेटोळे रिमोटमधल्या एका चिपला स्वतःच थोडीशी वीज पुरवते आणि चिप उत्तर देते. म्हणजे जुन्या किल्लीला अगदीच निरोप दिलेला नाही; संकटापुरती तिला माहेरी ठेवून घेतली आहे.

हे सारे मला तोंडपाठ झाले, ते मात्र जावईबापूंच्या व्याख्यानामुळे नव्हे. सांगलीच्या एका फेरीने ते शिकवले.

अक्का आता छ्याऐंशी वर्षांची आहे. सांगलीत गावभागात मुलाकडे असते. गेल्या पावसाळ्यात तिला दम लागू लागला. मुलगा कामासाठी परगावी गेला होता, आणि सोमवारी सकाळी तिला मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचे होते. कन्या आणि जावई पुण्याहून रविवारसाठी साताऱ्याला आले होतेच. ठरले असे की, जावईबापूंनी साताऱ्याहून एस.टी.ने पुण्याला परत जावे, कारण त्यांना सोमवारची कचेरी. आणि कन्येने मला घेऊन मोटारीने सांगलीला जावे.

साताऱ्याच्या स्टँडपर्यंत गाडी जावईबापूंनी चालवली. विनाथांबा गाडी सुटायच्या बेतात होती. ते एंजिन चालूच ठेवून उतरले, कन्या चाकापाशी बसली, हात हलवले, निघालो. गाडी थोडा वेळ टूं-टूं करीत होती. स्टँडवर कंडक्टरांच्या शिट्ट्या, रिक्षांचे भोंगे आणि कणीसवाल्यांच्या आरोळ्या यांत एका टूं-टूंला कोण विचारतो? नागठाण्याच्या पुढे आल्यावर कन्येचे समोर लक्ष गेले. तिथे अक्षरे उमटली होती: किल्ली गाडीत नाही.

किल्ली जावईबापूंच्या खिशात होती आणि खिसा पाचवड मागे टाकून खंबाटकीच्या दिशेने निघाला होता. दुसरी किल्ली पुण्याच्या घरी कपाटात. जावई हा दहावा ग्रह असे जुने लोक म्हणत. तो असा वक्री होईल, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते.

"मग गाडी बंद पडेल?" मी विचारले.

"चालू आहे तोवर चालू राहील," कन्या म्हणाली. "मध्येच बंद पडली तर जास्त धोका, म्हणून तसं केलेलं असतं. पण एकदा बंद केली की संपलं."

हे अगदी खरे आहे. साठाच्या वेगाने धावणाऱ्या गाडीला किल्ली ऐकू आली नाही म्हणून तिने एंजिन तोडले, तर ब्रेक जड होईल, चाक जड होईल आणि मागचा ट्रक अंगावर येईल. म्हणून एकदा दिलेली परवानगी गाडी मध्येच काढून घेत नाही. परत फिरण्यात अर्थ नव्हता. किल्ली साताऱ्यात नव्हतीच. अक्का एकटी होती. आम्ही पुढे निघालो.

त्या गाडीला हाताचे गिअर. क्लच सोडताना पाय जरा चुकला की एंजिन बंद. शिवाय सिग्नलला उभे राहिले की तेल वाचवण्यासाठी आपणहून एंजिन बंद करण्याची एक सवय तिला होती. ती कन्येने तत्काळ एक बटन दाबून मोडली. तासवड्याचा टोलनाका आला. पुढची गाडी अडली. कन्येने श्वास रोखला, मीही रोखला, जणू आम्ही दोघे श्वास घेतला तर एंजिन दचकेल. कऱ्हाडच्या गर्दीत ती क्लच असा सोडीत होती, की झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा. पेठनाक्याला चहा नाही, आष्ट्याला चहा नाही. संध्याकाळी सांगलीत अक्काच्या दारात गाडी उभी राहिली, कन्येने बटन दाबले, आणि गाडी जी गप्प झाली ती झालीच.

तिला कुलूपही घालता येईना, कारण बाहेरून कुलूप लावायलाही रिमोट लागतो. म्हणजे आत शिरायला कुणालाच मज्जाव नाही, आणि पुढे न्यायला मालकालाही परवानगी नाही! शेजारच्या दोन पोरांनी आत बसून पहारा केला आणि गाणी ऐकायला मिळत नाहीत अशी तक्रारही केली.

इथवर सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते. रात्री दोन वाजता अक्काने मला हाक मारली. ती उठून बसली होती. आडवे होता येत नव्हते, ओठ काळसर दिसत होते आणि बोलताना मध्येच श्वास तुटत होता. दारात पंधरा लाखांची गाडी उभी. कन्येने धावत जाऊन बटन दाबले. पुन्हा दाबले. समोर तीच अक्षरे. त्या पोरीचा चेहरा मी विसरणार नाही.

मी १०८ला फोन लावत होतो, तेवढ्यात आवाजाने शेजारचे रिक्षावाले उठून आले. त्यांची रिक्षा जुनी. सीटच्या बाजूचा दांडा हाताने वर ओढून सुरू करायची. त्यांनी दांडा एकदा ओढला, काही नाही. दुसऱ्यांदा ओढला, आणि फट्-फट् सुरू झाली. अक्काला मध्ये बसवले, कन्येने तिला पाठीशी धरले. वीसेक मिनिटांत आम्ही मिरजेच्या दवाखान्यात होतो. प्राणवायू लावला, सुया दिल्या. फुप्फुसात पाणी साठले होते, डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. उजाडेपर्यंत थांबला असता तर अवघड होतं."

चौथ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसली. तोवर किल्ली आली होती, आणि किल्लीबरोबर जावईबापूही आले होते, मान खाली घालून. अक्का त्यांना रागावली नाही. तिने आपले वाकडे मनगट चादरीवर ठेवले आणि म्हणाली, "ह्यात तुमचा दोष धरू नका. एंजिन एका माणसावर ठेवलं की असंच होतं. माझा गडी लग्नाला गेला होता. तुमची किल्ली पुण्याला गेली. घरातल्या चौघांना चालू करता आलं पाहिजे, एवढंच."

मला वाटते, हे वाक्य प्रत्येक मोटारवाल्या घरात लावून ठेवण्यासारखे आहे. आमच्या कन्येच्या घरी आता नियम झाला आहे: गाडी ज्याच्या हाती, रिमोट त्याच्या हाती, आणि माणूस बदलताना एंजिन बंद करून पुन्हा सुरू करून पाहायचे. पुन्हा सुरू झाले तर किल्ली आत आहे, याहून सोपा पुरावा नाही. लांबच्या प्रवासाला दुसरा रिमोटही बरोबर, पण दुसऱ्या माणसाच्या पिशवीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती चोरांची. मघाच्या पहारेकऱ्याला हिशेब न येणारा माणूस फसवू शकत नाही, हे खरे. पण समजा, एक चोर दरवाजापाशी उभा राहिला आणि दुसरा गावात झोपलेल्या खऱ्या किल्लेदाराच्या खिडकीशी. पहारेकऱ्याचा आकडा पहिल्याने दुसऱ्याकडे पोचवला, किल्लेदाराने झोपेत बरोबर उत्तर पुटपुटले, दुसऱ्याने ते परत पोचवले. चोराला हिशेब यायची गरजच उरली नाही! मोटारीच्या बाबतीत हे काम दोन लहान यंत्रे करतात. झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली १० निरनिराळ्या मोटारी अशा रीतीने तपासल्या आणि दहाही फसल्या. त्यानंतर काही रिमोट हालचाल थांबली की झोपी जाणारे निघाले, काही उत्तराला किती वेळ लागला यावरून अंतर मोजणारे निघाले. पण आपला रिमोट जुना असेल तर साधा उपाय स्वयंपाकघरात आहे: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. धातूच्या आत रेडिओलहरी सहसा पोचत नाहीत. डब्यात रिमोट ठेवून डबा गाडीपाशी न्या आणि दार उघडते का पाहा. उघडले नाही तर डबा पास. आमच्या सौभाग्यवतींनी कन्येला त्यासाठी आपला जुना लाडूचा डबा दिला आहे. डब्यात लाडू आहेत की किल्ली, हे हलवून पाहिल्यावाचून कळत नाही, ही एकच अडचण.

अक्का घरी आली, हिंडू-फिरू लागली. परवा दसऱ्याला तिला गाडीला हार घालायचा होता. कन्येने तिला चाकापाशी बसवले, ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला आणि म्हणाली, "आत्या, दाब बटन."

अक्काने वाकड्या हाताचे बोट पुढे केले आणि दाबले. थोडा वेळ वाट पाहिली.

"झालं चालू?"

"झालं की!"

"मग आवाज कुठाय?"

"नवीन गाडी आहे आत्या. आवाज येतच नाही."

अक्काने समोरच्या त्या एकट्या बटनाकडे नीट पाहिले. मळ्यात विजेची मोटर आली तेव्हा पेटीवर दोन बटने होती, चालू करायला हिरवे आणि बंद करायला लाल. मोटर बसवणाऱ्याला अक्काने आधी लाल बटन दाखवायला लावले होते आणि ते तीनदा दाबून पाहिल्यावरच हिरव्याला हात लावला होता.

"ह्यात लाल बटन कुठलं?"

"हेच. पुन्हा दाबलं की बंद."

"आणि माणूस दाबायला विसरला तर? आवाज नाही, किल्ली काढायची नाही, कळायचं कसं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अक्काने विचारले ते अमेरिकेत घडून गेलेले आहे. घराला लागून बंद गॅरेज, एंजिन न बंद करता खिशात रिमोट घालून घरात गेलेले म्हातारे जोडपे, आणि रात्रभर घरात भरत गेलेला विषारी वायू. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ साली दिलेल्या वृत्तांतात अशा मृत्यूंची संख्या दोन डझनांवर होती. जुनी किल्ली काढून खिशात टाकताना एंजिन आपोआप बंद होई. ते काम आता माणसाच्या आठवणीवर आले आहे.

कन्येने मग तिला सारे दाखवले. गाडी उभी करून बटन दाबायचे, समोरचे दिवे गेले की नाही ते पाहायचे, मगच उतरायचे. चालत्या गाडीत कधी एंजिन तोडण्याची वेळ आलीच, तर बटन काही क्षण दाबून धरायचे किंवा लागोपाठ दाबायचे. कोणत्या गाडीला कसे, ते तिच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ते पान गरज पडण्याआधी वाचायचे. बंद गॅरेजात एंजिन चालू ठेवायचे नाही. अक्काने सगळे ऐकून घेतले, बटन दाबले, दिवे गेल्याची खात्री केली. पुन्हा चालू केले, पुन्हा बंद केले. तिसऱ्यांदाही केले.

मग ती उतरली, गाडीला हार घातला आणि कन्येला म्हणाली, "आता तुझ्या आईला शिकव."